महाराष्ट्राची सांपत्तिक स्थिती आणि शेजारची राज्ये

अक्कलकोट तालुका असा वसला आहे की राज्याराज्यांची तुलना करावयास येथे पुस्तक उघडावे लागत नाही. आळंद आणि अफजलपूरकडची मंडळी स्वामींच्या दर्शनाला येतात, जाताना बाजार करून जातात. दुधनीच्या आडतीवर दोन्ही राज्यांची तूर शेजारी-शेजारी ओतली जाते आणि हमालाला ती वेगळी ओळखता येत नाही. मुलीचा बाप सोयरीक जमविताना राज्य कोणते हे विचारीत नाही. जमीन किती आणि विहिरीला पाणी आहे का, एवढेच विचारतो. घरात कानडी, बाजारात मराठी, असा व्यवहार असलेली कुटुंबे या तालुक्यात हजारोंनी आहेत. अशा ठिकाणी ‘त्यांचे राज्य बरे की आपले?’ हा प्रश्न पारावर निघायचाच. २०२२ च्या अखेरीस तो पारावरून वर्तमानपत्रांत गेला. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत, सोलापूर, अक्कलकोट या भागांविषयी हक्काची भाषा केली, आणि त्याच दिवसांत सीमेलगतच्या काही गावांनी रस्ते, पाणी, वीज मिळत नाही म्हणून आम्हाला पलीकडे जाऊ द्या, असे ठराव केले. ठरावांमागे भाषेचा अभिमान किती, राग किती आणि हिशेब किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यातला हिशेबाचा भाग मात्र तपासून पाहण्याजोगा आहे, आणि तेवढाच मी येथे घेणार आहे.

हिशेब तपासायचा तर प्रथम एक गुंता सोडविला पाहिजे. राज्य ‘बरे’ म्हणताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एका पिशवीत घालतो. लोकांची मिळकत किती, ही एक. सरकारची तिजोरी कशी आहे, ही दुसरी. आणि आपल्या वेशीपर्यंत काय पोहोचले, ही तिसरी. या तिन्ही एकाच वेळी चांगल्या असतील असे नाही. किंबहुना पुढे आपण पाहू की त्या बहुधा नसतातच.

तुलनेची सवय या गावाला जुनी आहे. शाहू महाराजांनी पारदच्या राणोजी लोखंडे यांस आपले मानून फत्तेसिंह भोसले हे नाव दिले आणि अक्कलकोटची जहागीर या घराण्याकडे आली. इंग्रजी अमदानीत साताऱ्याच्या जहागिरींपैकी ही एक गणली जाई. क्षेत्रफळ ४९८ चौरस मैल. १९०१ च्या खानेसुमारीत वस्ती ८२,०४७. एका अंगाला इंग्रजांचा सोलापूर जिल्हा, दुसऱ्या अंगाला निजामाचा मुलूख. संस्थानचा वसूल सालिना सुमारे चार लाख रुपये, आणि त्यातून इंग्रज सरकारला पंधरा हजारांच्या आसपास खंडणी. भागाकार करून पाहिला तर माणशी वसूल पाच रुपयांच्याही आत येतो. त्या काळी संस्थान ‘सुखवस्तू’ की ‘कर्जबाजारी’ हे या वसुलावरून ठरे. रयतेच्या घरात वर्षाला काय येत होते, त्याचा आकडा कोणत्याही दफ्तरात नव्हता, कारण तो कोणाला हवाच नव्हता.

तो आकडा हवा, असे आपल्याकडे प्रथम आग्रहाने म्हणणारे दादाभाई नौरोजी. १८६७-६८ साली हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी वीस रुपये भरते, असा हिशेब त्यांनी मांडला आणि राज्यकर्त्यांना तो झोंबला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. प्रशांतचंद्र महालनोबीस अध्यक्ष, आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य. देशाचे उत्पन्न मोजण्याची जी पद्धत तेव्हा बसली, तीच पुढे राज्यांना लावली गेली. आज वर्तमानपत्रात ‘राज्याचे स्थूल उत्पन्न’ म्हणून जो भला मोठा आकडा येतो, त्याचे मूळ तेथे आहे.

हा आकडा निघतो कसा, ते सोलापुरी चादरीवरून सांगतो. समजा, शंभर रुपयांचा कापूस सूतगिरणीत गेला, तेथून दीडशेचे सूत बाहेर पडले, यंत्रमागावर त्याची तीनशेची चादर झाली आणि दुकानदाराने ती साडेतीनशेला विकली. कापूस, सूत, चादर आणि विक्री या सगळ्यांची बेरीज केली तर एकच कापूस चार वेळा मोजला जाईल. म्हणून प्रत्येकाने पदरची जी भर घातली तेवढीच धरायची: शेतकऱ्याचे शंभर (त्याचे बी-खत त्यातून वजा करायचे, पण ते येथे सोडून देऊ), गिरणीचे पन्नास, विणकराचे दीडशे, दुकानदाराचे पन्नास, एकूण साडेतीनशे. राज्यातल्या सगळ्या शेतांची, कारखान्यांची, दुकानांची, बँकांची, शाळा-कचेऱ्यांची अशी भर एकत्र केली की राज्याचे उत्पन्न मिळते. त्याला लोकसंख्येने भागले की दरडोई उत्पन्न. भागताना पाळण्यातले मूलही एक आणि गिरणीचा मालकही एकच.

या मोजणीच्या काही खोडी आहेत, आणि त्या आपल्या भागाला विशेष बाधतात. घरची बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, ते उत्पन्नात येत नाही. तिनेच कडक भाकऱ्या करून सोलापूरच्या दुकानात पाठविल्या तर मात्र येते. कोसभरावरून पाण्याची घागर आणण्याचे काम तर कोणत्याच वहीत नाही. दुसरे असे की, उत्पन्न जेथे निर्माण होते तेथे ते मांडले जाते. येथला पोरगा पुण्याच्या कारखान्यात गेला, ऊसतोडीची टोळी दुसऱ्या जिल्ह्यात गेली, तर त्यांच्या कष्टाची भर त्या-त्या जिल्ह्याच्या नावावर चढते. महिनाअखेरीस ते घरी जे पैसे धाडतात, त्यांनी येथली चूल पेटते. पण येथल्या उत्पन्नाचा आकडा त्यांनी वाढत नाही. ज्या तालुक्याचा मुख्य माल कष्टाळू माणसे हाच आहे, तो तालुका या हिशेबात आहे त्याहूनही गरीब दिसायचा.

आता आकड्यांकडे वळू. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये संजीव सन्याल आणि आकांक्षा अरोरा यांचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात १९६०-६१ पासून २०२३-२४ पर्यंतची राज्यांची चाल दिली आहे. देशाचे दरडोई सरासरी उत्पन्न शंभर धरले, तर महाराष्ट्राच्या स्थापनेच्या सुमारास आपले उत्पन्न १३४ च्या घरात होते. २०२३-२४ मध्ये ते १५१ च्या आसपास आले. म्हणजे आपण घसरलो, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. पण याच काळात गुजरात ११८ वरून १६१ वर गेला. कर्नाटक १९६० च्या सुमारास देशाच्या सरासरीच्या पुढे नव्हता. तो १८१ वर पोहोचला. आणि तेलंगण, जे राज्य २०१४ साली जन्माला आले, ते १९४ वर. गोवा हे लहानसे राज्य. त्याचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट आहे, पण एवढ्याशा राज्याशी तुलना करून फारसे हाती लागत नाही. उलट बाजूला मध्य प्रदेश ८२ वरून ७७ वर उतरला आहे, आणि छत्तीसगडही सरासरीच्या खालीच आहे. एकूण उत्पन्नात महाराष्ट्र अजूनही देशात पहिला आहे. मात्र देशाच्या उत्पन्नातला आपला वाटा २०१०-११ मध्ये १५ टक्क्यांच्या थोडा वर होता, तो २०२३-२४ पर्यंत १३.३ टक्क्यांवर आला. मोठ्या राज्यांत दरडोई उत्पन्नाच्या क्रमाने २०२२-२३ मध्ये आपण सहावे होतो. ‘देशात अग्रेसर’ हे शब्द भाषणांत सवयीने येतात. ते एकूण उत्पन्नापुरते खरे आहेत, माणशी उत्पन्नापुरते नाहीत.

शेजारी पुढे गेले ते कशाने? याचे उत्तर एका कारणात बसत नाही, पण बंगळूरचे उदाहरण बोलके आहे. १९०९ साली तेथे विज्ञान संस्था आली, १९४० मध्ये विमानांचा कारखाना, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपली उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांवर घालविली, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसविले, आणि १९१२ मध्ये म्हैसूरचे दिवाण झाल्यावर उद्योग आणि शिक्षण यांचा ध्यास घेतला. अशा पेरणीचे पीक दोन पिढ्यांनंतर हाती आले. शिकलेला इंजिनिअर स्वस्तात मिळतो म्हटल्यावर १९९१ नंतर संगणकाचा धंदा तेथे धावत गेला. इन्फोसिस ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात निघाली आणि १९८३ मध्ये बंगळूरला गेली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हैदराबादची कथा थोडी उशिरा सुरू झाली, पण वळण तेच. गुजरातने बंदरे, तेलशुद्धी आणि रसायने यांचा मार्ग धरला. महाराष्ट्राजवळ १९६० मध्येच मुंबई होती: बंदर, गिरण्या, बँका, विमा. त्या भांडवलावर आपण पुष्कळ वर्षे काढली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या तरी मुंबईने पैशाचे व्यवहार, चित्रपट, इमारती यांवर स्वतःला सावरले, आणि पुण्याने मोटारी व संगणक यांवर.

पण शेती? येथे आपला पाय अडकतो. राज्यातली जवळजवळ निम्मी कामकरी माणसे शेतीवर आहेत, आणि राज्याच्या उत्पन्नात शेती व तिच्या जोडधंद्यांचा वाटा सुमारे आठवा हिस्सा. पिकाखालच्या जमिनीपैकी ओलिताखालचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. अक्कलकोटच्या शेतकऱ्याला हे आकडे सांगायला नकोत. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, १९७६ च्या अंतिम निवाड्यात २,०६० अब्ज घनफूट पाण्यापैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० दिले. आपली भीमा आणि तिची बोरी या कृष्णेच्याच लेकी. त्या ५६० चा मोठा भाग उजनीत अडला, आणि उजनीचे पाणी अक्कलकोटच्या आधी तहानलेल्या फार मुलखांतून जाते. कुरनूर धरण भरले की नाही, यावर या तालुक्याचे वर्ष ठरते.

एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा झाला, तर पलीकडे जाणेच शहाणपणाचे, असे कोणी म्हणेल. १५१ पेक्षा १८१ मोठे आहे, हे तिसरीतले मूलही सांगेल. पण १८१ हा आकडा राहतो कोठे, हे विचारले पाहिजे. कर्नाटकाच्या उत्पन्नापैकी एक-तृतीयांशाहून अधिक एकट्या बंगळूर शहर जिल्ह्याचे आहे. त्या जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न आणि कलबुर्गी जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न यांत चार-पाच पटींचे अंतर आहे, आणि कर्नाटकाच्या जिल्ह्यांच्या यादीत कलबुर्गी गेली कित्येक वर्षे तळाशी किंवा तळाजवळ आहे. आळंद आणि अफजलपूर हे कलबुर्गीचेच तालुके. म्हणजे बोरीकाठचा माणूस सीमा ओलांडून गेला, तर तो १८१ मध्ये जात नाही. कर्नाटकातल्या सर्वांत हलक्या जिल्ह्यात जातो. तीच गत इकडची. महाराष्ट्राचे १५१ हे मुंबई, ठाणे, पुणे आणि आणखी मोजक्या जिल्ह्यांनी उभे केले आहे. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम त्याच्या जवळपासही नाहीत. तेलंगणातही हैदराबाद आणि लगतचा रंगारेड्डी जिल्हा काढून घ्या, म्हणजे १९४ ची ऐट उतरते. मुंबईहून बंगळूरला जाणारी उद्यान एक्सप्रेस एका राजधानीपासून दुसऱ्या राजधानीपर्यंत जाते. सोलापूर, कलबुर्गी, वाडी, रायचूर हा मधला पट्टा तिच्या वाटेवर लागतो. दोन्ही सरासऱ्या ज्यामुळे मोठ्या दिसतात ते सगळे तिच्या दोन टोकांना आहे.

या मधल्या पट्ट्याची एक गंमत आहे, आणि आजच्या विषयात मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. अक्कलकोटच्या पूर्वेस आळंद, उत्तरेस तुळजापूर आणि उमरगा. जमीन सगळीकडे तीच काळी, पाऊस तसाच लहरी, पीक तेच: तूर, ज्वारी, हरभरा. १९४८ पर्यंत आळंद, तुळजापूर, उमरगा निजामाच्या मुलखात होते. अक्कलकोट नव्हते, कारण ते साताऱ्याची जहागीर होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन सोलापूर जिल्ह्यात आले. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. आळंद म्हैसूर राज्यात गेले, उमरगा-तुळजापूर मुंबई राज्यात. आता पुढचे पाहा. निजामाच्या मुलखाला मागासपणाचा वारसा मिळाला, हे दोन्ही राज्यांनी मान्य केले. म्हणून उमरगा ‘मराठवाडा’ म्हणून ओळखला गेला आणि घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये त्याला विकास मंडळ मिळाले. आळंदला ३७१ (ज) कलम मिळाले; २०१२ च्या घटनादुरुस्तीने नोकऱ्यांत आणि शिक्षणात राखीव जागा आल्या, स्वतंत्र मंडळ आले, आणि २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात त्या भागासाठी ५,००० कोटी रुपये सांगितले गेले. अक्कलकोट मात्र ‘उर्वरित महाराष्ट्र’ या नावाखाली पुणे, कोल्हापूर, सांगली यांच्या पंगतीत बसविले गेले. पंगत श्रीमंतांची, पान आपले कोरडे. महाराष्ट्रातल्या विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली हे खरे, तरी मराठवाडा म्हटले की मागासपणा डोळ्यांपुढे येतो आणि पश्चिम महाराष्ट्र म्हटले की साखर कारखाने, ही दृष्टी मंडळाबरोबर संपत नाही.

यात कोणी मुद्दाम अन्याय केला, असे मला म्हणायचे नाही. मोजण्याचे माप ठरले, आणि त्या मापात हा तालुका दिसेनासा झाला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्राचा अनुशेष काढला. एकूण ३,१८७ कोटींच्या आसपास. काम चोख होते आणि त्या काळी देशात त्याला तोड नव्हती. पण समितीने घटक धरला तो जिल्हा. सोलापूर जिल्ह्यात निरेच्या कालव्याचा माळशिरस आहे, उजनीच्या पाण्याचे पंढरपूर आहे, सोलापूर शहर आहे. आणि अक्कलकोटही आहे. तिघांचे भरले पोट चौथ्याच्या उपाशी पोटात मिळवून सरासरी काढली, की चौथा जेवल्यासारखा दिसतो. कर्नाटकाने २००२ मध्ये हेच काम डी. एम. नंजुंडप्पा समितीकडून करून घेतले, तेव्हा त्यांनी घटक धरला तालुका. पस्तीस निकष लावले, आणि एकूण ११४ तालुके मागास ठरविले. त्यांपैकी ३९ ‘अत्यंत मागास’. त्या ३९ मध्ये आळंद आणि अफजलपूर दोन्ही आहेत. शेजाऱ्यापासून उचलण्याजोगी गोष्ट कोणती असे मला कोणी विचारले, तर मी बंगळूरचे नाव घेणार नाही, या तालुकावार मोजणीचे घेईन. बंगळूर उचलून आणता येत नाही. मोजपट्टी आणता येते.

तिजोरीचा विषय थोडक्यात आटोपतो, कारण तो ऐकताना श्रोत्यांना जांभया येतात, असा अनुभव आहे. नीती आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये राज्यांच्या तिजोरीच्या प्रकृतीचा एक निर्देशांक काढला. आकडे २०२२-२३ चे. पहिला क्रमांक ओडिशाचा, दुसरा छत्तीसगडचा, तिसरा गोव्याचा. गुजरात पाचवा, महाराष्ट्र सहावा, तेलंगण आठवा, मध्य प्रदेश नववा, कर्नाटक दहावा. माणशी उत्पन्नाची यादी आणि ही यादी शेजारी ठेवली तर जवळजवळ उलटी दिसते. छत्तीसगड आणि ओडिशा येथल्या जनतेची मिळकत बेताची, पण जमिनीखालच्या खनिजांचे स्वामित्वधन सरकारला मिळते आणि खर्चाचा हात आखडता. म्हणून तिजोरी धडधाकट. कर्नाटक-तेलंगणात लोकांची मिळकत मोठी, पण सरकार कर्जावर अधिक टेकलेले. जुन्या संस्थानाच्या वसुलावरून रयतेची स्थिती कळत नव्हती, तसेच हेही.

कर्ज वाईटच, असे नाही. विहिरीसाठी काढलेले कर्ज विहीर फेडते; बारशासाठी काढलेले कर्ज बारशातल्या मुलाला फेडावे लागते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राने महसुली जमा सुमारे ५.६१ लाख कोटी आणि महसुली तूट सुमारे ४५,९०० कोटी दाखविली. महसुली तूट म्हणजे रोजच्या घरखर्चालाही मिळकत पुरत नाही, उसनवारी करावी लागते. जुलै २०२४ पासून आपल्याकडे ‘लाडकी बहीण’चे दरमहा दीड हजार सुरू झाले, पलीकडे ऑगस्ट २०२३ पासून ‘गृहलक्ष्मी’चे दोन हजार. पलीकडच्या बायकांना जून २०२३ पासून राज्यातल्या राज्यात सरकारी बस मोफत झाली. आपल्याकडे मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. शेतीपंपाची वीज तिकडे दहा अश्वशक्तीपर्यंत २००८ पासून फुकट, आपल्याकडे साडेसात अश्वशक्तीपर्यंत एप्रिल २०२४ पासून. सीमेवरच्या बाईला हे सगळे तोंडपाठ असते आणि तिची तुलना अर्थशास्त्रज्ञाच्या तुलनेपेक्षा कमी दर्जाची आहे असे मी मानत नाही. तिच्या हातात काय पडले ते ती बोलते. फक्त फुकट वीज किती तास येते आणि मोफत बस दिवसातून किती वेळा येते, हेही तिने त्याच हिशेबात धरावे. बहुधा ती धरतेच.

मालाचा भाव मात्र सीमा मानत नाही. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव आपल्या बांधावरच्या तुरीला लावता येत नाही, जरी दोन्ही बांधांमध्ये एखादा ओढाच असला. पण दुधनीला भाव चढला की पलीकडची तूर इकडे येते, कलबुर्गीला चढला की इकडची तिकडे जाते, आणि दोन्ही बाजारांतला फरक गाडीभाड्यापलीकडे फार काळ टिकत नाही. विमा, पंचनामा, पीककर्ज, सातबारा ही सगळी सरकारी खाती रेषेशी थांबतात. रेषा हलविण्याची भाषा नवी नाही. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात अक्कलकोट तालुका म्हैसूर राज्याकडे द्यावा असे सुचविले होते. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला, आणि २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या दाव्याचा निकाल काहीही लागो, आळंद आणि अक्कलकोट यांची स्थिती त्याने एकमेकांहून फारशी निराळी होईल, असे वरच्या आकड्यांत मला कोठे दिसत नाही.

एका अडचणीचा उल्लेख करावयास हवा. दरडोई उत्पन्नातला छेद म्हणजे लोकसंख्या. आपली शेवटची खानेसुमारी २०११ ची; २०२१ ची झालीच नाही. तेव्हापासून प्रत्येक राज्याचे दरडोई उत्पन्न अंदाजी लोकसंख्येने भागून काढले जात आले आहे. ऊसतोडीला गेलेली टोळी, पुण्याला गेलेली पोरे, भिवंडी-सुरतेला गेलेले विणकर कोणत्या जिल्ह्यात धरले गेले, ते या अंदाजात कळत नाही. पुढची खानेसुमारी १ मार्च २०२७ या दिनांकाच्या संदर्भाने होईल, असे जून २०२५ मध्ये अधिसूचनेने जाहीर झाले. तिचे आकडे तालुकावार निघतात. घरात नळ आहे का, वीज आहे का, संडास आहे का, चूल कशावर पेटते, हे सगळे त्यात गावागणिक असते. ते हाती आले म्हणजे अक्कलकोट, आळंद, अफजलपूर, तुळजापूर आणि उमरगा हे पाच तालुके एका कागदावर शेजारी-शेजारी मांडता येतील. हे काम मुंबईत किंवा बंगळुरात होईल याची वाट पाहण्याचे कारण नाही. येथल्या महाविद्यालयातली चार मुले आणि एक मास्तर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ते करू शकतील.